माहुलीचा पराजय पचविणारा राजा

थोर पुरुषांची चरित्रे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवजयंतीच्या सभेत वक्ते उभे राहतात आणि अफझलखानाचा वध, शायिस्ताखानाची फजिती, आग्र्याहून सुटका आणि रायगडावरील राज्याभिषेक या चार प्रसंगांत शिवछत्रपतींचे सारे आयुष्य सांगून मोकळे होतात. ऐकणाऱ्याला वाटते, हा पुरुष जन्मभर जिंकतच गेला. पण पन्नास वर्षांच्या आयुष्यात ज्याने एवढी मोठी उलथापालथ केली, त्याला अपयश कधी आलेच नाही, हे संभवेल काय? अपयश आले, आणि तेही साधेसुधे नव्हे. ते त्याने कसे सोसले, त्याचा दोष कोणाच्या माथी मारला आणि यश आले तेव्हा त्याचा मान कोणाला दिला, हे पाहिल्यावाचून त्याच्या थोरवीचे मर्म कळत नाही.

हा विषय आपल्या शहापूर-मुरबाड भागातील विद्यार्थ्यांना विशेष जवळचा आहे. महाराजांच्या पराभवांपैकी एक मोठा पराभव आपल्याच माहुलीच्या कड्यावर झाला, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते. आसनगाव स्टेशनात उतरले की वायव्येस जो काळाकभिन्न डोंगर दिसतो, तोच माहुली. उंची सुमारे २,८०० फूट. भंडारगड, माहुली आणि पळसगड असे त्याचे तीन भाग आहेत. पावसाळ्यात तरुणांच्या टोळ्या तिकडे चढून जातात, सुळक्यांची नावे विचारतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या लोकलने परत जातात. पण या डोंगरावर बापाने एकदा आणि लेकाने एकदा हार खाल्ली आणि त्याच लेकाच्या माणसाने त्याच वर्षी तो डोंगर जिंकून दिला, ही हकीकत फारसे कोणी विचारीत नाही.

पित्याची हार

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. जुन्नर घाटावर आणि आपला मुरबाड तालुका घाटाखाली. मध्ये नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून कल्याण बंदरातला माल मुरबाडच्या वाटेने वैशाखऱ्याला येई आणि नाणेघाट चढून जुन्नरला जाई. म्हणजे जन्मस्थानाच्या दृष्टीने महाराज आपले शेजारीच म्हणायचे.

त्यांच्या जन्माच्या वेळी निजामशाही अखेरचे श्वास घेत होती. वडील शहाजीराजे यांनी १६३३ मध्ये निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढे तीन वर्षे ते एकीकडे मोगल आणि दुसरीकडे आदिलशाही अशा दोन सत्तांशी झुंजत राहिले. १६३६ मध्ये शाहजहान बादशहाने आदिलशहाशी तह केला आणि दोघांच्या फौजा मिळून शहाजीराजांच्या मागे लागल्या. एकेक किल्ला सोडत शहाजीराजे कोकणात उतरले. त्यांनी पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला, तो मिळाला नाही. शेवटी त्यांनी माहुलीचा आधार घेतला. त्या वेळी जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवबा त्यांच्याबरोबर गडावर होते, असे मानले जाते.

मोगलांचा सरदार खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांनी माहुलीला वेढा घातला. बाहेरून मदत येण्याची आशा उरली नाही. १६३६ च्या ऑक्टोबरात शहाजीराजांनी गड खाली केला, बालराजाला मोगलांच्या हवाली केले आणि निजामशाही संपली. स्वतः शहाजीराजांना आदिलशाहीची चाकरी पत्करून पुढे कर्नाटकात जावे लागले. पुणे-सुप्याची जहागीर तेवढी हाती राहिली.

शहाजीराजे पराक्रमात उणे नव्हते, बुद्धीतही नव्हते. पण त्यांचा सारा डाव एका बालराजाच्या नावावर आणि इतरांच्या सरदारांच्या मर्जीवर उभा होता. सरदार फुटले, तसा डाव मोडला. एक माणूस पडला की सारे पडते, असा तो काळ होता. मुलाने पुढे जे राज्य उभारले, ते या बाबतीत अगदी वेगळे निघाले. ते कसे, हे त्याच माहुलीने दाखवून दिले.

यशाची वाटणी

१६५७ च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि १६५८ च्या जानेवारीत माहुली स्वराज्यात आली. वडिलांनी जो गड बावीस वर्षांपूर्वी सोडला, तो मुलाने मिळवला. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. हा प्रसंग आपण शंभर वेळा ऐकला आहे. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झाले, ते क्वचितच सांगितले जाते.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बसून महाराजांचे चरित्र लिहिले. त्यात या विजयानंतरच्या बक्षिसांची तपशीलवार हकीकत आहे. जे लढाईत पडले, त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या बायकांना नवऱ्याच्या पगाराचा निम्मा भाग चालू केला. जखमींना जखमेच्या मानाने होन वाटले. नामांकित लोकांना हत्ती, घोडे, कडी, गावे दिली. खान मारला गेला तो महाराजांच्या हातून, तरी विजय सर्वांचा ठरला. जावळीच्या जंगलात दबा धरून बसलेल्या शेवटच्या शिपायापर्यंत त्याचा वाटा पोचला.

पुढचे वर्ष मात्र कठीण गेले. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून निसटले आणि त्यांच्या पाठलागावर आलेल्या फौजेला बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंडीत अडवून धरले. बाजीप्रभू आणि बांदलांचे कितीतरी लोक तेथे पडले. महाराज विशाळगडावर सुखरूप पोचले ते या लोकांच्या जिवावर. तोपर्यंत दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान कान्होजी जेधे यांच्या घराण्याकडे होता. महाराजांनी तो मान बांदलांना दिला आणि जेध्यांनी तो आनंदाने सोडला. आजच्या मंडळीला हे मानपानाचे प्रकरण किरकोळ वाटेल. पण त्या काळी मानासाठी घराणी पिढ्यान् पिढ्या भांडत. असा मान एकाकडून काढून दुसऱ्याला देणे, आणि ज्याचा काढला तो न दुखावणे, ही गोष्ट सोपी नव्हती. ज्याने जे केले त्याचे श्रेय त्यालाच मिळते, असा विश्वास लोकांत निर्माण झाल्याशिवाय हे घडत नाही.

त्याच पावसाळ्यात चाकणच्या भुईकोटाला शायिस्ताखानाने वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी जवळजवळ दोन महिने तो झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला गेला. महाराज त्या वेळी पन्हाळ्याच्या संकटात गुंतले होते, मदत पाठवू शकले नव्हते. किल्ला हरला म्हणून फिरंगोजींच्या माथी दोष आला नाही. ते पुढेही स्वराज्याच्या चाकरीत राहिले. जो शेवटपर्यंत लढून हरला, त्याला हरलेला समजायचे नाही, हा जणू दंडकच होता.

पुरंदरचा तह

महाराजांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी माघार म्हणजे पुरंदरचा तह. १६६५ च्या वसंतात मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान प्रचंड फौज घेऊन आले. पुरंदरला वेढा पडला. वज्रगड गेला, मुरारबाजी देशपांडे पडले, आजूबाजूची गावे जाळली जाऊ लागली. किल्ल्यात अनेक लोकांची बायकामुले होती. आणखी महिनाभर झुंजत राहता आले असते, पण त्याची किंमत गडावरील माणसांनी आणि मुलुखातील रयतेने मोजली असती.

महाराज ११ जून १६६५ रोजी स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले. बोलणी करायला वकील होते, सरदार होते. पण ही माघार दुसऱ्याच्या तोंडून वदवायची नाही, असा त्यांचा निश्चय दिसतो. तहात तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. आठ वर्षांचे संभाजीराजे मोगलांच्या छावणीत ओलीस राहिले. त्या तेवीस किल्ल्यांच्या यादीत माहुली, भंडारगड आणि पळसगड ही तिन्ही नावे आहेत. आपल्या एकाच डोंगराने यादीतील तीन जागा भरल्या!

या तहाचा राग महाराजांनी कोणावर काढला? पुरंदरच्या लोकांवर नाही, तहाची बोलणी करणाऱ्या रघुनाथपंतांवर नाही. ओलीस ठेवला तो स्वतःचा मुलगा. पुढे बादशहाच्या दरबारात गेले ते स्वतः. माघारीचा सगळ्यांत जड भार त्यांनी आपल्या अंगावर आणि आपल्या घरावर घेतला.

चुकीचाही हिशेब

इतके लिहून थांबले, तर आपणही त्या जयंतीच्या वक्त्यांसारखे एकच बाजू सांगणारे ठरू. महाराज माणूस होते आणि त्यांनाही राग येत असे.

तहाप्रमाणे महाराज मोगलांच्या बाजूने आदिलशाहीवर चालून गेले. १६६६ च्या जानेवारीत त्यांनी पन्हाळ्यावर रात्री छापा घातला. गडकरी सावध होते. सुमारे हजार माणसे कामास आली आणि छापा फसला. सरनौबत नेताजी पालकर कुमक घेऊन वेळेवर पोचले नाहीत. महाराजांनी त्यांना सरनौबतीवरून दूर केले. नेताजी म्हणजे दुसरे शिवाजी, असे लोक म्हणत. असा माणूस दुखावला आणि आदिलशाहीला जाऊन मिळाला, तेथून मोगलांकडे गेला. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना पकडून बाटवले आणि काबूलकडे पाठवले.

या प्रकरणात दोष कोणाचा? कुमक उशिरा आली हे खरे. शिस्त मोडली तर शिक्षा हवी, हेही खरे. पण शिक्षेनंतर काय झाले, तेही नेत्याच्या खात्यावर मांडावे लागते. महाराजांनी तो हिशेब मांडला असावा, असे पुढील घटनेवरून वाटते. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, नेताजी परत आले. धर्मांतर झालेला, शत्रूची चाकरी केलेला माणूस. महाराजांनी त्यांना शुद्ध करून पुन्हा आपल्यात घेतले. त्या काळच्या समाजात ही केवढी गोष्ट होती! जुना दोष काढून दार लावून घेणे सोपे होते. महाराजांनी दार उघडले.

आग्र्याचा प्रसंगही याच दृष्टीने पाहावा. १२ मे १६६६ रोजी दरबारात अपमान झाला, पुढे पहारा बसला आणि ऑगस्टमध्ये महाराज निसटले. सुटकेची युक्ती आपण कौतुकाने सांगतो. पण महाराज सहा महिन्यांहून अधिक काळ राज्यात नसताना येथे एकही किल्ला फितूर झाला नाही, ही तितकीच मोठी गोष्ट नव्हे काय? जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव, अण्णाजी दत्तो यांनी कारभार चालवला. शहाजीराजांचा डाव एक आधार गेला तसा मोडला होता. महाराजांचे राज्य मात्र राजा कैदेत असतानाही उभे राहिले. आणि आग्र्यात मागे राहिलेले रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर यांचे औरंगजेबाच्या लोकांनी हाल केले, तेव्हा महाराज त्यांना विसरले नाहीत. पुढे तहाची बोलणी झाली आणि ते दोघे सुटून परत आले.

माहुलीची ती रात्र

१६७० साल उजाडले. मोगलांशी असलेला तह मोडला आणि गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. ४ फेब्रुवारीला तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला. त्याच महिन्यात महाराज माहुलीवर आले. या मोहिमेवर ते जातीने होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माहुलीवर मोगलांचा किल्लेदार होता मनोहरदास गौड, राजपूत, शूर आणि सावध. रात्रीच्या अंधारात मावळे दोराच्या शिड्या लावून कड्यावर चढले. मनोहरदास जागाच होता. त्याने वर आलेल्यांवर एकदम हल्ला चढवला. मागे वळायला जागा नव्हती, खाली दरी. बरेचसे लोक तेथेच कापले गेले, उरलेल्यांचा कडेलोट झाला. या प्रयत्नात सुमारे हजार माणसे गेली, असे सांगितले जाते. हजार माणसे! त्या काळात हा आकडा लहान नव्हता. कित्येक गावांतले कर्ते तरुण एका रात्रीत गेले असतील.

कोंढाणा नुकताच जिंकलेला. तानाजींसारखा सोबती गमावलेला. त्यावर हा घाव. ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडले, त्या राजाने दुसऱ्या दिवशी काय करावे? दोन वाटा असतात. एक, हट्टाला पेटून पुन्हा त्याच कड्यावर माणसे घालायची, कारण राजाची माघार दिसता कामा नये. दुसरी, कोणीतरी फितुरी केली, कोणीतरी उशीर केला, असे म्हणून एखाद्याचा बळी द्यायचा. महाराजांनी यांतले काही केले नाही. त्यांनी माहुली सोडली आणि फौज कल्याण-भिवंडीकडे वळवली. तेथील ठाणेदार उझबेकखान लढाईत पडला आणि कल्याण-भिवंडी पुन्हा स्वराज्यात आली. स्वतःच्या नावाला लागलेला पराभव त्यांनी तसाच राहू दिला. माहुलीच्या पराभवाबद्दल एखाद्या सरदाराला शिक्षा झाल्याचे इतिहासात कोठे येत नाही.

पण महाराजांनी गडाभोवतालचा मुलूख घेतल्याने माहुलीचा श्वास कोंडला. वर शिबंदी होती, पण खालचा आधार तुटत चालला. मनोहरदास शहाणा होता. एकदा विजय मिळाला म्हणून गड कायम टिकेल, अशा भ्रमात तो राहिला नाही. पुढे निभाव लागणे कठीण आहे हे ओळखून त्याने किल्लेदारी सोडली आणि त्याच्या जागी अलीवर्दी बेग आला. आता माहुलीची कामगिरी मोरोपंत पिंगळ्यांकडे आली. ऐन पावसाच्या तोंडावर, १६ जून १६७० रोजी, मोरोपंतांनी माहुली घेतली. अलीवर्दी बेग लढाईत मारला गेला. माहुलीबरोबर भंडारगड आणि पळसगडही परत आले.

फेब्रुवारीतला पराभव महाराजांच्या नावावर आहे आणि जूनमधला विजय मोरोपंतांच्या नावावर. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात हे असेच लिहिलेले सापडेल. वरवर पाहता ही साधी नोंद आहे. पण ज्या कड्यावर राजाला स्वतः यश आले नाही, ते काम प्रधानावर सोपवणे आणि त्याने ते फत्ते केल्यावर मनात आकस न धरणे, हे कितीजणांना जमते? मत्सरी राजाच्या पदरी असता, तर मोरोपंतांनी असा विजय मिळवण्याआधी दहादा विचार केला असता. येथे उलट झाले. पुढच्या दहा वर्षांत मोरोपंतांवर अधिकाधिक मोठ्या मोहिमा सोपवल्या गेल्या. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानात मोरोपंत आणि सरनौबत प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा मोठा पराभव केला. सूर्यराव काकडे तेथे पडले. विजयाची बातमी आली तेव्हा महाराजांनी तोफा सोडल्या, साखर वाटली, बातमी आणणाऱ्या जासुदांच्या हातात सोन्याची कडी घातली आणि लढलेल्यांना अपार बक्षिसे दिली. महाराज त्या मैदानात नव्हते आणि तो विजय आपला असल्याचे त्यांनी भासवलेही नाही. त्याच साली मोरोपंतांनी जव्हार घेतले. म्हणजे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याचा डोंगरी भाग स्वराज्यात आणण्यात मोरोपंतांचा वाटा मोठा आहे. त्या मानाने त्यांचे स्मरण आपल्याकडे फारच थोडे होते.

प्रतापराव आणि लाय पाटील

अपयशाची आणखी दोन उदाहरणे सांगायला हवीत. पहिले प्रतापरावांचे. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडले आणि दया येऊन सोडून दिले. खान उलटला. महाराजांनी प्रतापरावांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. तो बोल प्रतापरावांना लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत ते मोजक्या सोबत्यांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले.

महाराजांचा ठपका वाजवी होता. पण वाजवी ठपक्यानेही सोन्यासारखा माणूस जातो. हे महाराजांना किती लागले, ते सभासदाच्या लिखाणात दिसते. नुसते दुःख करून ते थांबले नाहीत. १६८० च्या मार्चमध्ये त्यांनी धाकट्या मुलाचे, राजारामांचे लग्न प्रतापरावांच्या मुलीशी लावले. महाराजांच्या आयुष्यातले हे शेवटचे मंगलकार्य. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच ते गेले. सहा वर्षे मनात राहिलेले ऋण त्यांनी जाता जाता असे फेडले.

दुसरे उदाहरण जंजिऱ्याचे. सिद्दीचा जंजिरा महाराजांना कधीच घेता आला नाही, हे त्यांचे कायमचे अपयश. बखरीत एक हकीकत आहे. लाय पाटील नावाच्या कोळी सरदाराने जिवावर उदार होऊन रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. पण मोरोपंतांची शिबंदी वेळेवर पोचली नाही आणि उजाडायच्या आत त्याला परतावे लागले. मोहीम फसली. तरी महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान दिला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी कशाला, असे म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली, तेव्हा त्याला गलबत देऊन त्या गलबताचेच नाव पालखी ठेवले. किल्ला मिळाला नाही म्हणून शिड्या लावणाऱ्याचे धाडस कमी ठरले नाही. आणि मोरोपंतही या एका उशिरामुळे पदावरून गेले नाहीत. नेताजींच्या वेळचा राजा आणि या वेळचा राजा यांत दहा वर्षांचे अंतर होते. त्या दहा वर्षांनी राजालाही काही शिकवले होते, असेच म्हणावे लागेल.

राज्याभिषेक आणि नंतर

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. अभिषेकाच्या वेळी आठ प्रधान आठ दिशांना हातात कलश घेऊन उभे होते. सिंहासन एकाचे, पण ते तोलून धरणारे आठजण सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे केलेले! मोरोपंत त्यांतले मुख्य. पुढे १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर दूर गेले, तेव्हाही मागचा कारभार याच लोकांनी सांभाळला.

शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. १६७८ च्या अखेरीस युवराज संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभराने परत आले. १६८० च्या जानेवारीत पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. येथेही महाराजांनी मुलाला टाकून दिले नाही, त्याला समजावून घेतले. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. वय अवघे पन्नास.

नेत्याची खरी परीक्षा त्याच्या मृत्यूनंतर होते. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजीराजांची क्रूर हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. सिंहासन नाही, खजिना नाही, राजधानी नाही. तरी लोक लढत राहिले. संताजी घोरपडे, धनाजी जाधव, रामचंद्रपंत अमात्य आणि पुढे महाराणी ताराबाई यांनी ते राज्य जगवले आणि १७०७ मध्ये औरंगजेबच दक्षिणेच्या मातीत मिळाला. १६३६ मध्ये माहुली पडली तेव्हा एक राज्य संपले होते, कारण ते एका नावावर टांगलेले होते. १६८९ मध्ये राजा गेला, राजधानी गेली, तरी राज्य संपले नाही, कारण ते हजारोंना आपले वाटत होते. यशात वाटा मिळालेला माणूसच संकटात खांदा देतो.

माहुली पुढे पेशवाईत राहिली आणि १८१७ च्या तहाने इंग्रजांकडे गेली. नंतर शतक उलटले आणि आपल्याच मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे देशासाठी एकाच ठिकाणी हुतात्मा झाले. पुढारी मागे आणि अनुयायी पुढे, असा प्रकार तेथेही झाला नाही. आपल्या डोंगरांचा हा वारसा आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या ग्रामपंचायतीत बसेल, कोणी शाळेत मुख्याध्यापक होईल, कोणी सहकारी सोसायटीचा चेअरमन होईल, कोणी घरचा कर्ता होईल. नेतृत्व म्हणजे केवळ सिंहासन नव्हे, ते अशा लहान लहान खुर्च्यांतूनही असते. नळयोजना पुरी झाली की फलकावर नाव पुढाऱ्याचे आणि पाणी आले नाही की दोष पंप चालवणाऱ्याचा, ही रीत आपण रोज पाहतो. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायाबापड्यांना ही रीत कोणी समजावून सांगायला नको. अशा खुर्चीवर बसण्याची पाळी आपल्यावर येईल, तेव्हा माहुलीची दोन तारखांची नोंद आठवावी. फेब्रुवारीचा पराभव राजाचा, जूनचा विजय मोरोपंतांचा. जयंतीला मिरवणुकीत घोषणा देणे सोपे आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचे श्रेय चारचौघांत त्याच्या पदरात टाकणे आणि आपल्या चुकीला आपले नाव लावणे कठीण आहे. महाराजांचे अनुयायी म्हणवून घ्यायचे असेल, तर सुरुवात या कठीण कामापासूनच करावी लागेल.